चार जणींत कोणती?

शिमग्याची पालखी आदल्या दिवशी अंगणात नाचून पुढे गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला उतेकरांच्या घरात महापुराचा विषय निघाला. दर्शनाला हे ठाऊकच होतं. या घरात चार माणसं जमली की पूर निघतो, पूर निघाला की रेकॉर्डी निघतात, आणि रेकॉर्डी निघाल्या की सगळ्यांच्या नजरा थोरल्या सुनेकडे वळतात.

तिचा गुन्हा सगळ्या भावकीला तोंडपाठ होता. पुराच्या साली महाडच्या घरात सावित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा सासऱ्यांची रेकॉर्डींची पेटी चिखलात बुडाली. गाळ उपसून हात मोकळे झाल्यावर दर्शनाने एकेक तबकडी भांड्यांच्या साबणाने घासली, टँकरच्या पाण्यात विसळली, आणि मधे उघडीप मिळाली तशी गच्चीवर पापड घालावेत तशी ओळीने उन्हात मांडली. मधली कागदी लेबलं साबणात गेली. निम्म्याअधिक तबकड्या उन्हाने घालवल्या. संध्याकाळी उचलायला गेली तर कुणी वाटीसारखी वळलेली, कुणी नागमोडी. सासरे कोंडाजी अण्णा त्याआधीच वारले हे एका परीने बरंच झालं, असं तिच्या मनात यायचं, आणि असं मनात आल्याबद्दल ती पुन्हा स्वतःलाच बोल लावायची.

"वहिनी, यंदा पापड कसे झालेत?" धाकटा दीर अनिल मुंबईहून आला की हे विचारायचाच. यंदाही त्याने विचारलं. सगळे हसले, दर्शनाही हसली, आणि कप उचलायच्या निमित्ताने आत गेली.

तिचा नवरा रावजी अशा वेळी पेपरात तोंड घालून बसायचा. एमआयडीसीच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत त्याने सगळ्या शिफ्टा केल्या, पण बायको आणि भाऊ यांच्यामध्ये उभं राहायची शिफ्ट त्याला कधी लागली नाही. पुरानंतर त्याने महाड सोडलं आणि पोलादपूरला उंचावर हे घर बांधलं. वाकड्या रेकॉर्डींची पेटीही सोबत आली. ती फेकायची कुणाची छाती झाली नाही.

एके काळी पोलादपुरापासून घाटाच्या कुशीतल्या शेवटच्या वाडीपर्यंत लग्न म्हटलं की कोंडाजी उतेकरांचा भोंगा, असं समीकरण होतं. मशीन एकाच्या डोक्यावर, बॅटरी दुसऱ्याच्या, आणि रेकॉर्डींची पेटी मात्र कोंडाजींच्या स्वतःच्या डोक्यावर. आंब्याच्या शेंड्याला भोंगा बांधून पहाटे पहिलं गाणं लागलं की खालच्या खोऱ्यात बायका म्हणायच्या, चला, वर हळद लागली. पुढे कॅसेटी आल्या, मग डीजे आले, आणि भोंगा माळ्यावर गेला.

यंदा मात्र अनिलची मुलगी प्रियदर्शिनी एक नवं मशीन घेऊन आली होती. ती मुंबईत आवाजाचंच काम करायची, मालिकांचे आवाज स्वच्छ करायची. मशीन दिसायला साधंच, वर फिरणारी थाळी आणि सुईचा हात. पण त्याची वायर थेट कॉम्प्युटरला. इकडे रेकॉर्ड फिरली की तिकडे पडद्यावर गाण्याचा आलेख डोंगररांगेसारखा सरकत जायचा, आणि गाणं कायमचं आत जमा व्हायचं. दोन दिवस हेच चाललं होतं. ज्या रेकॉर्डी सरळ राहिल्या होत्या त्या एकामागून एक फिरत होत्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सासूबाई, आवडी, प्रत्येकीचं नाव-गाव सांगत होत्या. लेबलं नव्हतीच, पण म्हातारीला पहिल्या दोन सुरांत कळायचं.

"ही मोरगिरीच्या लग्नात लावलेली. नवऱ्याचा मामा रुसून बसला व्हता."

"आजी, गाणं कुठलं ते सांग. मामा नको."

"मामाशिवाय गानं कसं सांगू गो?"

सारिका, दासगावला दिलेली नणंद, सोलाण्याने कैऱ्या सोलत म्हणाली, "पन प्रिया, ही सगळी गानी मोबाईलवर हायत की. एवढा उपद्व्याप कशाला?"

"सगळी आहेत, आत्या. एक नाही. मी किती शोधलं, कुठेच नाही."

ती एक कुठली हे सगळ्यांना माहीत होतं. कैऱ्या सोलणारा हातही थांबला.

आवडी लग्नाआधी परळला मामाच्या चाळीत राहायची. तिथे कोकणातल्या बाया हळदीला गाणी म्हणायच्या. कुठल्याशा रेकॉर्ड कंपनीचा माणूस ते ऐकून गेला आणि त्यातल्या चौघींना, आवडीसकट, मागे कोरस म्हणायला घेऊन गेला. पुढे गाणारीचं नाव छापलं गेलं, या चौघींचं नाही. 'सावित्री माय गो, हलू हलू जाय.' छोटी रेकॉर्ड, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. पुढे आवडीचं लग्न ठरलं ते भोंगेवाल्या कोंडाजीशी, आणि नवरदेवाच्या पेटीत ही रेकॉर्ड आधीपासूनच होती. अंगाला हळद लावून बसलेली असताना नवरी मुलीने आंब्यावरून स्वतःचाच आवाज ऐकला. नव्या नवऱ्याला तिने मोठ्या हौसेने सांगितलं, त्यात मी हाय. कोंडाजी हसत सुटले. "थापा नको मारूस. चार जणी एका सुरात वरडतायत. त्यात तू कोनती?"

"दुसरी. शेवटच्या कडव्याला बाकीच्या खाली ऱ्हातात, मी एकटी वर जाते. 'जाय' म्हनताना."

"मला नाय बा कलत."

हे भांडण जन्मभर चाललं. पाहुणे आले की कोंडाजी तिला डिवचायचे, आणि आवडी पाण्याचा तांब्या आपटायची. मुलं त्यावरच हसत मोठी झाली.

आणि तीच रेकॉर्ड गच्चीवरच्या उन्हात सगळ्यांत जास्त वाकली होती.

दर्शनाला झोंबत होतं ते पापडांच्या थट्टेपेक्षा हे. सासूबाईंचा उजवा कान कधीच गेला होता. डावाही आता निघाला होता. मागच्या महिन्यात महाडच्या डॉक्टरांनी दर्शनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यंत्र लावलं की बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं लागणार नाही, आणि हे फार लांब नाही. म्हणून तर तिने स्वतः प्रियदर्शिनीला फोन केला होता. ती एक रेकॉर्ड वाजायला हवी होती. एकदाच, डाव्या कानात सूर शिरतोय तोवर.

प्रियदर्शिनीने ती पेटीच्या तळातून काढली. आवडीने हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी टवका होता. "हीच. रावजीनं ल्हानपनी दात लावला व्हता."

रावजी पेपरामागून म्हणाला, "मी नाय. अनिल."

रेकॉर्ड थाळीवर ठेवली. थाळी फिरायला लागली आणि रेकॉर्डीची एक बाजू उठायची, बसायची, उठायची. सुई वर चढली, खाली आपटली आणि फेकली जाऊन कडेला पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. रेकॉर्ड तेवढी डोलत होती, गाण्याचा शब्द कुठे लागत नव्हता.

"झालं," अनिल म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं. हीच नेमकी."

दर्शना दारात उभी होती. तिने पदराने हात पुसले. कोरडेच होते.

"एक उपाय आहे," प्रियदर्शिनी म्हणाली. "दोन काचांच्या मधे ठेवायची. हळूहळू गरम करायची, मऊ झाली की वरून वजन द्यायचं आणि तशीच गार होऊ द्यायची."

"गरम कुठे करनार?" सारिकाने विचारलं. "गॅसवर?"

"छे. एकसारखी ऊब पाहिजे." मुलगी अडखळली. "उन्हात."

सगळ्यांच्या नजरा दर्शनाकडे वळल्या. मग अनिल उठलाच. "परत उन्हात? येडी झालीस का? जास्त तापली तर गाणंच पुसलं जाईल, तूच म्हणालीस ना परवा? त्यापेक्षा मुंबईला नेऊ. तिथे कुणीतरी एक्स्पर्ट असेल."

"असेल. नेऊ, शोधू, नंबर लागेल," सारिका म्हणाली. एरवी ती भावाच्या बाजूची. पण आज कैऱ्यांचं पातेलं बाजूला ठेवून ती वहिनीच्या शेजारी येऊन उभी राहिली. "आनि आईचा कान? तो नंबर लागेपर्यंत थांबेल?"

"दादा, तू बोल काहीतरी," अनिल म्हणाला.

रावजीने पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आईची रेकॉर्ड हाय. आईला इचारा."

सारिकाने आईच्या डाव्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. आवडीने ऐकून घेतलं, आणि रेकॉर्ड सरळ दर्शनापुढे धरली.

"तूच ठेव."

"मी नाही, आई. प्रिया ठेवेल."

"उन्हात घालायचा सराव तुलाच हाय गो," म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसली. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. दर्शनाला रडू फुटायचंच बाकी होतं.

शोकेसच्या दोन काचा काढल्या. पुसून लख्ख केल्या. गच्चीवर त्यांच्यामधे रेकॉर्ड ठेवून दर्शना शेजारीच बसली. फाल्गुनाचं ऊन चांगलंच चटके देत होतं. खाली हमरस्त्यावरून घाटाकडे निघालेले ट्रक गियर बदलत होते. प्रियदर्शिनीने बजावलं होतं की सारखं बघत राहायचं, कड खाली बसली की लगेच सावलीत घ्यायची. दर्शनाने पापणी लवू दिली नाही. आपल्या लग्नात सासऱ्यांनी स्वतः भोंगा लावला होता ते तिला आठवलं. सून मापटं ओलांडताना कोणतं गाणं लावायचं हे त्यांनी तिच्या बापाला विचारून घेतलं होतं. अशा माणसाची पेटी आपण साबणाने घासली. कुणी तिला तेव्हा सांगितलं नाही, आणि सांगायला होतं तरी कोण? घरात गुडघाभर गाळ, दूध नाही, वीज नाही, तिकडे तळीयेच्या दरडीच्या बातम्यांनी सगळ्यांचे चेहरे उतरलेले. त्या आठवड्यात तिने घरातली एकच वस्तू मनापासून वाचवायला घेतली होती, ती ही पेटी.

जिन्यात पावलं वाजली. अनिल छत्री घेऊन आला आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला.

"रेकॉर्डीवर सावली नका पाडू, भावोजी."

"नाही पाडत." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तेव्हा रस्ते बंद होते, वहिनी. मी पनवेलपासून परत गेलो."

"माहीत आहे मला."

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी बोललोही नसतो. तुम्ही तिथे होता. मी नव्हतो, ते बोचतं मला."

दर्शनाने वर पाहिलं. पन्नाशी उलटलेला दीर, पोटावर बनियन ताणलेलं, छत्री बाजारात दुकान लावल्यासारखी धरलेली. इतक्या वर्षांचे पापड तिच्या मनातून एकदम उतरले नाहीत, पण थोडे उतरले.

"भावोजी, कड बसली बघा," ती ओरडली. "जातं आणा! जातं!"

मग एकच धावपळ. काचा सावलीत आल्या, जात्याची वरची तळी रावजी आणि अनिल दोघांनी मिळून जिन्यावरून चढवली आणि अलगद काचेवर ठेवली. कित्येक वर्षांनी दोघा भावांनी एक वस्तू मिळून उचलली, असं सारिका नंतर सगळीकडे सांगत होती. जेवणं झाली. पुरणपोळ्या उरल्या होत्या, पण कुणाचं लक्ष जेवणात नव्हतं.

दुपार कलताना प्रियदर्शिनीने काच उचलली. रेकॉर्ड अगदी सपाट नव्हती, पण बसली होती. थाळीवर फिरताना जरा डोलली, सुई तिच्यासोबत डोलली, आणि पडली नाही.

खरखर सुरू झाली. मग बाजाच्या पेटीचा सूर, मग ढोलकी. मोठे हेडफोन आवडीच्या डोक्यावर होते, आणि बाकीच्यांसाठी छोट्या स्पीकरवर तोच आवाज. पुढे गाणारी बाई खणखणीत होती. मागून चौघी. 'सावित्री माय गो, हलू हलू जाय.' सारिकाने डोळ्यांना पदर लावला. तिसरं कडवं संपलं, आणि शेवटच्याला चौघींतल्या तिघी खालच्या सुरात थांबल्या, आणि एकच पोरगी वर गेली. जाय. सतरा वर्षांची, कुणाची भीती नसलेली. पण नेमक्या त्याच जागी खरखर इतकी वाढली की आवाज तिच्यातून वाट काढत येत होता.

आवडीने डोळे मिटून घेतले होते. "ती मी," ती म्हणाली. ऐकू कमी येत असल्याने मोठ्याने म्हणाली.

गाणं संपलं. पडद्यावर डोंगररांग थांबली.

"मीच बिघडवलं ते," दर्शना हळूच म्हणाली. "तेवढंच नेमकं."

प्रियदर्शिनी पडद्याकडे वाकून बघत होती. "नाही, काकी. उन्हाने असं होत नाही." तिने रेकॉर्ड काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. "हे बघ. बाकी सगळी काळी चकचकीत. आणि आत, शेवटाजवळ, हा एवढाच पट्टा पांढुरका. ही झीज आहे. आणि त्या पट्ट्याच्या तोंडाशी हे बारीक टोचे दिसतात? सुई टेकवल्याचे. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. फार वेळा."

"असं कसं होईल?" रावजी म्हणाला. "अन्ना ही दुसऱ्याच्या लग्नाला कधी न्यायचेच नाय. झिजल म्हनायचे."

"मग कुणी झिजवली?"

रावजीला काहीतरी आठवलं. आज त्याने तोंड लपवायला पेपर शोधला नाही.

"टेस्टिंग," तो म्हणाला. "लग्नाची सुपारी असली की आदल्या दिवशी अन्ना मागच्या पडवीत मशीन तपासायचे. आई शेतावर गेली की. आवाज अगदी बारीक करून. आम्ही गेलो की म्हनायचे, मशीन तपासतोय, पलाऽऽ. हीच रेकॉर्ड असायची."

"आणि सुरुवातीपासून नाही लावायचे," अनिल म्हणाला. "सुई आत ठेवायचे, शेवटाला. थोडं वाजलं की उचलायचे. परत तिथेच. मला वाटायचं, तपासायची अशीच पद्धत असते."

आवडी हेडफोन काढून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. सगळे दर्शनाकडे वळले, आणि या वेळी त्या नजरांनी तिला खाली बघावं लागलं नाही. ती सासूच्या पायाशी बसली आणि डाव्या कानाशी तोंड नेलं.

"आई, अण्णांना ठाऊक होतं. चार जणींत तुम्ही कोणत्या ते. तुमच्याच जागेवर सुई ठेवून ठेवून त्यांनी ती जागा झिजवली. तुम्ही शेतावर असताना."

म्हातारीने ते दोनदा सांगायला लावलं. एकदा कळलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा कळलं म्हणून.

"लबाड," ती म्हणाली. हातातल्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "जलमभर मला खोटी पाडली मानसानं. चार लोकांत. आनि मागच्या पडवीत..." रावजीने उठून आईच्या पाठीवर हात ठेवला.

प्रियदर्शिनीने नाक पुसलं. "आजी, ऐक. ही खरखर मी काढू शकते. माझं कामच ते आहे. तुझा आवाज एकदम स्वच्छ करून देते."

दर्शनाने ते कानात सांगितलं. आवडीने विचारलं, "कसली खरखर? त्यानं सुई ठेवल्याची?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे. माझं गानं हाय आनि त्याचं ऐकनं हाय. दोनी ऱ्हाऊ दे."

तिने हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवले, उजवा डावा बघून. मग दर्शनाला म्हणाली, "लाव परत."

"आजी, आता कॉम्प्युटरवरून लावते," प्रियदर्शिनी म्हणाली. "सगळं आत आलंय. रेकॉर्ड उगाच झिजेल."

हे आवडीला ऐकू आलं असेल किंवा नसेल. "दर्शना, तू लाव," ती म्हणाली.

पुरापासून दर्शनाने एकाही रेकॉर्डीला हात लावला नव्हता, आज काचांमधे ठेवेपर्यंत. तिने सुईचा हात उचलला. कडेवरून आत, चकचकीत पट्ट्यांवरून आत, पांढुरक्याच्या तोंडापर्यंत तिने सुई नेली आणि तिथे धरून ठेवली.

"अजून जरा अलीकडे, वहिनी," अनिल तिच्या खांद्याशी वाकून म्हणाला. "हां. तिथेच ठेवायचे अण्णा."

दर्शनाने सुई टेकवली.